गावात बनलेली जीप रस्त्यावर आली, तर धोका सातबाऱ्यालाही

मोबाईलवर असे व्हिडिओ रोज फिरतात. पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या उडतायत, जुन्या जीपचा सांगाडा उभा आहे, खाली जाडजूड एक्सल आणि त्याला ट्रॅक्टरला शोभतील असे टायर. शेवटी ती गाडी गुडघाभर चिखलातून गुरगुरत बाहेर येते. खाली प्रश्नांची रांग लागते, "भाऊ, खर्च किती आला?"

"पासिंग कसं केलं?" हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. खरा प्रश्न तोच आहे. कारण अशी गाडी बनवणारा पोरगा हुशार असतो, हातात कसब असतं, पण अपघात झाला तर त्याची किंमत फक्त गाडीपुरती राहत नाही. ती घरापर्यंत आणि जमिनीपर्यंत जाऊ शकते.

गरज खरी आहे

ही नुसती हौस आहे म्हणून सोडून देता येत नाही. पावसाळ्यात पाणंद रस्त्यावर साधी गाडी जात नाही. डोंगरकपारीच्या वाड्यांना, नदीकाठच्या मळीच्या रानाला उंच आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडी लागते. कंपनीची नवीन फोर बाय फोर गाडी दहा लाखांच्या पुढे. मग जुनी जीप घ्यायची, भंगारातून एक्सल आणायचा आणि गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जमवायचं, हा हिशेब समजण्यासारखा आहे.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे (ता. कडेगाव) गावच्या एका कारागिराचं उदाहरण अनेकांना आठवत असेल. त्यानं किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर गेला. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्याचं कौतुक केलं आणि त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो त्या कुटुंबाच्या दारात आली.

बातमीतला हा आनंदाचा भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला. दुसरा भाग विसरला गेला. ही गाडी नियमात बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाईल, हे महिंद्रा यांनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे देशानं ज्या गाडीला टाळ्या वाजवल्या, ती गाडीसुद्धा रस्त्यावर कायदेशीर नव्हती. बोलेरो एकालाच मिळाली. बाकीच्यांना मिळते ती नोटीस.

गाडी उचलली की काय बिघडतं?

नियम आडमुठे आहेत, असं म्हणण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. घरी बनवलेल्या गाडीत इंजिन बिघडलं तर गाडी थांबते. सस्पेन्शन किंवा स्टिअरिंग बिघडलं तर गाडी थांबत नाही, भलतीकडे जाते.

जुन्या जीपमध्ये कमानपाटे एक्सलच्या खालून असतात. ते वरून बसवले की गाडी साधारण पाच इंच उचलते. ही सगळ्यात स्वस्त युक्ती, म्हणून सगळ्यात जास्त वापरली जाते. पण त्यासोबत चार गोष्टी बदलतात.

पहिली गोष्ट स्टिअरिंगच्या दांड्याची. स्टिअरिंग बॉक्स सांगाड्याला बोल्ट केलेला असतो आणि चाकं एक्सलला. दोघांना जोडणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, मूळ गाडीत जवळपास आडवा असतो. सांगाडा उचलला की तो तिरका होतो. मग चाक खड्ड्यात आपटून वर गेलं की तोच दांडा चाकाला ढकलतो. ड्रायव्हरनं स्टिअरिंग हलवलं नाही तरी गाडी बाजूला ओढते. शेतात दहाच्या वेगानं हे जाणवतही नाही. डांबरी रस्त्यावर साठच्या वेगानं समोरून एसटी येत असेल, तेव्हा जाणवतं.

दुसरी गोष्ट पुढच्या एक्सलच्या कलाची. मोटारसायकलचा पुढचा फोर्क जसा तिरका असतो, तसा कल जीपच्या पुढच्या चाकांनाही दिलेला असतो. त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. पाट्याच्या बैठका अंदाजानं वेल्ड केल्या आणि हा कल चुकला, तर स्टिअरिंग परत येत नाही. वेग वाढला की पुढची चाकं थरथरायला लागतात.

तिसरी गोष्ट ब्रेकची. टायर मोठा केला की तेच ब्रेक त्याला थांबवायला कमी पडतात. मीटरही खरा वेग दाखवत नाही, कमी दाखवतो. एक्सल जास्त खाली लटकायला लागला आणि ब्रेकचा रबरी पाईप जुनाच राहिला, तर तो ताणून तुटू शकतो.

चौथी गोष्ट तोलाची. उंच गाडी वळणावर लवकर उलटते. ऊस भरलेली ट्रॉली ओढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

वेल्ड चकचकीत, आत चीर

यापेक्षा मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. स्टिअरिंगचे आर्म, नकल हे भाग साध्या लोखंडाचे नसतात. ते बऱ्याचदा घडीव पोलादाचे असतात आणि ठराविक पद्धतीनं तापवून, थंड करून मजबूत केलेले असतात. गॅसवर लाल करून वाकवले की ती मजबुती जाते. वेल्डिंग केलं तर जोडाच्या कडेचं पोलाद ठिसूळ होऊ शकतं. कमानपाट्याच्या पोलादाचंही तसंच. पाट्यावर वेल्डिंग करायचं नाही, हे जुने मिस्त्री शिकवतात ते याच कारणानं.

असा जोड पहिल्या दिवशी तुटत नाही. रोज हादरे बसतात, केसाएवढी चीर पडते, ती वाढत जाते आणि एक दिवस दांडा सुटतो. म्हणून "सहा महिने झाले, काही झालं नाही" हा पुरावा होत नाही.

चीर तपासायला मोठी मशीन लागते असंही नाही. लाल रंगाचा पातळ स्प्रे मारायचा, काही वेळानं पुसायचा, वरून पांढरा स्प्रे मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. कारखान्यांमध्ये सर्रास वापरली जाणारी ही तपासणी तालुक्याच्या गॅरेजमध्येही करता येते. फक्त ती पृष्ठभागापर्यंत आलेली चीर दाखवते, आतल्या आत राहिलेली नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, आरसी बुकातला तपशील आणि कंपनीनं ठरवलेली मूळ रचना यात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किट किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत केलेले बदल, अशा काही गोष्टींना ठरलेल्या पद्धतीनं परवानगी मिळते. सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच बाजू उचलून धरली.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेले बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर, बॉडी असे बदल मोजायला लागलं की हा आकडा वाढत जातो. नियमबाह्य बदल करून देणाऱ्या डीलरला गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्यात 'डीलर' म्हणजे फक्त शोरूमवाला नव्हे. गाडीची बॉडी बांधणारा आणि गाडी दुरुस्त करणाराही त्या व्याख्येत येतो. म्हणजे "मी फक्त वेल्डिंग करून दिलं" असं सांगून गॅरेजवाला सुटेलच असं नाही.

बाहेरच्या राज्यातून तयार जीप आणणाऱ्यांनीही सावध राहायला हवं. हरियाणातलं मंडी डबवाली अशा जीपसाठी प्रसिद्ध आहे. गाडी देखणी असते. पण कागदं एका गाडीची आणि सांगाडा दुसरीचा असेल, तर ती गाडी आपल्या आरटीओत नावावर होणं अवघड.

दंडापेक्षा मोठं ओझं

दंड भरून माणूस मोकळा होतो. अपघातात कुणी गेलं, तर तसं होत नाही.

सांगाड्यापासून घरी बनवलेल्या गाडीला नोंदणी नाही, म्हणून विमा नाही. विमा नाही म्हणजे समोरच्या कुटुंबाला मोटार अपघात न्यायाधिकरणानं ठरवलेली भरपाई थेट मालकानं द्यायची. कमावता माणूस गेला असेल तर ही रक्कम सहज लाखांत जाते. जुन्या जीपचा विमा चालू असला तरी निर्धास्त राहता येत नाही. गाडी मूळ रचनेत नव्हती हे समोर आलं की स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. त्रयस्थाला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करायचा प्रयत्नही ती करू शकते.

आणि पैसे भरले नाहीत तर? कलम १७४ नुसार न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचं प्रमाणपत्र देऊ शकतं आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. जमीन महसुलाची थकबाकी कशी वसूल होते, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. मालमत्तेवर जप्ती येते, जमीन लिलावापर्यंत जाऊ शकते. पोराच्या हौसेची गाडी बापाच्या नावावर असेल, तर बोजा बापाच्या सातबाऱ्यावर येऊ शकतो.

मग गाडी चालवायची कुठे?

स्वतःच्या शेतात, बांधाच्या आत वापरायला अडचण कमी. पण एक गैरसमज इथे होतो. "आपण हायवेवर जातच नाही, पाणंदीनं जातो" असं अनेकजण म्हणतात. कायद्यात 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही जागा. त्यात पाणंद आली, शिवरस्ता आला, यात्रेचं मैदानही आलं. आणि शेतात मजूर खाली सापडला, तर ती जबाबदारी मालकाची राहतेच.

स्पर्धेत उतरणारे गाडीवान यातून एक वाट काढतात. गोव्यात २०१४ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांमध्ये अशाच घडवलेल्या गाड्या दिसतात. तिथे आखून दिलेला मार्ग, रोल केज, पट्टे, हेल्मेट असं सगळं असतं. नोंदणीत न बसणारी गाडी तिथवर न्यायची तर ट्रेलरवर चढवूनच. गावातली रील बघताना हा ट्रेलर दिसत नाही.

सरकारच्या बाजूची उणीव

इथपर्यंत सगळी चूक बनवणाऱ्याची वाटेल. तसं नाही. एखाद्यानं खरंच चांगली, सुरक्षित गाडी बनवली तर ती तपासून घ्यायला सोपं दारच नाही.

नवीन गाडीचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासावा लागतो. अशा संस्थांपैकी तीन आपल्याच राज्यात आहेत. पुण्यातली एआरएआय, पुण्यातलीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. पण ही सगळी व्यवस्था हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीसाठी आहे. एकच गाडी बनवणाऱ्या कारागिराला तो खर्च आणि ती कागदपत्रं झेपत नाहीत.

ब्रिटनमध्ये २००९ पासून एकेका गाडीची वेगळी तपासणी करून मान्यता देण्याची पद्धत आहे. घरी बनवलेली गाडी तपासणी केंद्रावर न्यायची, अधिकारी स्टिअरिंग, ब्रेक, दिवे, पट्टे एकेक करून बघतो. पास झाली तर नंबर मिळतो, नापास झाली तर चुका लिहून मिळतात.

आपल्याकडेही नियम गरजेनुसार बदलले आहेत. दिल्लीत २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं ई-रिक्षांवर बंदी आणली. त्याच वर्षी केंद्रानं त्यांच्यासाठी वेगळे नियम केले आणि २०१५ मध्ये कायद्यातच जागा दिली. लाखो पोटं त्यावर होती म्हणून ते झालं. शेतीकामासाठी कमी वेगाची, ठराविक हद्दीत चालणारी गाडी असा एक वर्ग करून त्याची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी आणता आली, तर गावातल्या कारागिराला चोरवाट शोधावी लागणार नाही. आमदार-खासदारांपुढे मांडायची मागणी ही आहे. "आमच्या गाडीला सोडा" ही नव्हे, "आमची गाडी तपासा" ही.

तोपर्यंत काय करावं?

जुनी जीप घ्यायची असेल तर इंजिन आणि चेसिसचा नंबर आरसीशी जुळवूनच पैसे द्यावेत. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची उंची, एक्सल, स्टिअरिंग यांना हात लावू नये. करायचाच असेल त्या बदलाची परवानगी मिळते का, हे आरटीओत आधी विचारावं. बदल झाल्यावर विचारून उपयोग नाही. शेतापुरती गाडी बनवायची असेल तर स्टिअरिंगचे भाग दुसऱ्या गाडीचे पूर्ण आणि न कापलेले वापरावेत. वाकवलेले किंवा जोडलेले नकोत. आणि ती गाडी मागच्या बाजूला माणसं उभी करून कुठेही नेऊ नये, यात्रेला तर नाहीच.

देवराष्ट्र्याच्या कारागिराचं कसब खरं होतं, म्हणूनच त्याची गाडी कंपनीनं आपल्या संशोधन केंद्रातल्या संग्रहासाठी नेली. असं कसब प्रत्येक तालुक्यात आहे. ते तपासून घेणारी यंत्रणा जोवर तालुक्यात येत नाही, तोवर गाडी बांधाच्या आत ठेवलेली बरी.