हेमाडपंती म्हणजे हेमाडपंतांचे नव्हे

दर्यापूर तालुक्यातील लासूरचे आनंदेश्वर मंदिर हेमाडपंतांनी रोमन धर्तीवर बांधले, हे गेल्या अंकातील पत्रामधले विधान दोन्ही अंगांनी लंगडे आहे. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, हे देवगिरीचे यादव राजे महादेव (१२६१-७१) आणि रामचंद्र यांचे मंत्री. याच हेमाडपंती शैलीतल्या बार्शीटाकळीच्या मंदिरातील शिलालेख मात्र शके १०९८चा, म्हणजे इ.स. ११७६च्या सुमाराचा. शैली आधीची, नाव लोकांनी मागाहून चिकटवले.

राहिले रोम. तिथल्या पँथिऑन मंदिराचा, सम्राट हेड्रियनच्या काळातला, सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट काँक्रीटचा, ओतीव. त्याच्या माथ्यावर जवळपास नऊ मीटरचे गोल भोक मुद्दाम ठेवलेले. आत पडणारा पाऊस फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. लासूरच्या मंडपाचे छतही मधोमध उघडे आहे. साम्य संपले. इथे चुना नाही की गारा नाही. एका दगडाची कूस दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि वरचे वजनच सांधा धरून ठेवते. खांब आणि तुळयांची ही विद्या घुमट ओतणाऱ्यांकडून उसनी घेण्याजोगी नव्हेच. पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

— एक वाचक, वरूड