रजेवर येणाऱ्या कैद्याला गावबंदी कशाला?

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचे नाव तुम्ही ऐकले असेल. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी तिथे कैद्यांना भिंतीआड न कोंडता शेतीवर ठेवले. व्ही. शांतारामांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच निघाला. पिक्चर सगळ्यांनी पाहिला, वसाहत किती जणांनी पाहिली?

पैठणच्या खुल्या कारागृहातही कैदी शेतात राबतात. तिथल्या शिपायाला काठी चालवण्यापेक्षा माणूस ओळखता यावा लागतो. त्यासाठी शिक्षण हवे. पण बराकीत माणसे कोंबलेली असली तर शिपाई मोजदाद करील की समजूत काढील?

सरकारचे सोडा, आपले बघू. संचित रजेचा अर्ज आला की पोलीस गावात चौकशीला येतात. पारावरचे चारजण म्हणतात, "नको बुवा, लफडं होईल." झालं, अर्ज लोंबकळला! फिर्यादीच्या घरच्यांना खरोखर भीती असेल तर ती जरूर सांगा, ऐकीव गोष्टी नकोत. जन्मठेपेचा कैदीही बहुधा कधीतरी सुटतोच. इतक्या वर्षांत घराचा उंबरा न पाहिलेला माणूस एकदम परतला, तर त्याला कामाला कोण बोलावणार?

सरपंच, पोलीस पाटील, पुढच्या चौकशीआधी त्याच्या घरी एकदा जाऊन या. त्याची पोरं शाळेत जातात का, तेही विचारा.