दादा, स्प्रिंग कापू नकोस!

दोस्तांनो, या आठवड्यात एका वाचकमित्राचं पत्र आलंय. तो लिहितो, 'दादाला आमची जुनी गाडी रेसच्या गाडीसारखी खाली बसवायचीय. नव्या स्प्रिंगा महाग, म्हणून आहेत त्याच कापून घेणार आहे. चालेल का?' बाकीची पत्रं बाजूला ठेवली आणि आधी हे उत्तर लिहायला बसलो.

दादाची हौस अगदीच वेडी नाही हं! घाटात एसटी वळली की उभ्या माणसाचा तोल जातो, बसलेला मात्र निवांत असतो. गाडीचंही तसंच. वजन जमिनीजवळ आलं की वळणावर ती कमी कलते. म्हणूनच शर्यतीच्या गाड्या बुटक्या!

मग कापायला काय हरकत? पाहू या. गाडीचं वजन पेलते स्प्रिंग. पण नुसती स्प्रिंग खड्ड्यानंतर नाचतच राहील. तिला आवरतो शॉक अ‍ॅब्झॉर्बर. त्यातलं तेल बारीक छिद्रांतून जाताना उसळी जिरते. पुष्कळ गाड्यांत ही जोडी एकत्र बसवलेली असते, त्यातला शॉक अ‍ॅब्झॉर्बर म्हणजे स्ट्रट.

गाडी खाली आली की चाकाला वरखाली व्हायला जागा कमी उरते. म्हणून बुटकी स्प्रिंग मोजूनमापून कडक बनवतात. तिला आवरायला शॉक अ‍ॅब्झॉर्बरही तसाच दमदार हवा. नाहीतर चाक रस्त्यावर उड्या मारतं, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? म्हणून स्प्रिंग आणि स्ट्रट जोडीनंच बदलायचे. कापलेली स्प्रिंगही कडक होते, पण किती, ते कुणी मोजलेलं नसतं. शिवाय तिचं टोक बैठकीत नीट बसत नाही. मोठ्या खड्ड्यात ती निसटूही शकते!

आता गणित. समजा, गाडीचं पोट जमिनीपासून १६ सेंमी वर आहे. ४ सेंमी खाली आणली, उरले १२. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच. त्यात मागे आजी, मावशी आणि लग्नाच्या बॅगा. खर्रर्र!

तेव्हा मित्रा, हा अंक दादाला आजच दाखव. पैसे साठेपर्यंत थांब म्हणावं, आणि आधी आरटीओत विचारून ये. आईबाबा, नुसतं 'नाही' म्हणू नका. दादाला घेऊन जाणत्या मेकॅनिककडे जा.

आणि तुम्हाला गृहपाठ : बॉलपेनची स्प्रिंग थोडी दाबा. मग मधोमध चिमटीत धरून अर्धीच तेवढी दाबा. जास्त जोर लागतो ना? का बरं? कळवा!