शितावरून भाताची परीक्षा : पण शिते किती?

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण स्वयंपाकघरात जन्मली आणि तेथे ती अगदी खरी आहे. सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतो. आई एक शीत काढून बोटांनी दाबते आणि पातेले उतरवते. तिचा निर्णय सहसा चुकत नाही. मात्र हीच म्हण घराचा उंबरठा ओलांडून बाजारात, कारखान्यात आणि शेतात गेली की तिच्या भरवशावर माणसे फसतात. गोणीतला प्रत्येक दाणा दुसऱ्या दाण्यासारखा नसतो. तेथे एका शितावर भागत नाही. मग किती शिते पाहावीत, आणि तेवढी पाहिल्यावर किती छातीठोकपणे बोलावे? आमचे स्पष्ट मत असे की हा प्रश्न विचारण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे. आज ती लागत नाही.

आम्ही उदाहरण घेतो ते माळव्याचे. धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. मराठी कुटुंबे अठराव्या शतकापासून तेथे नांदत आली. आज धार जिल्ह्यात पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे, देवासला नोटा छापणारा सरकारी छापखाना आहे, आणि दोन्हींच्या भोवती काळ्या जमिनीवर खरिपात सोयाबीन उभे असते. हेच पीक मराठवाड्यात आणि विदर्भात शेतकऱ्याचा वर्षाचा आधार झाले आहे. २०२० सालच्या जून महिन्यात महाराष्ट्रात हजारो शेतकऱ्यांनी तक्रार केली की पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. ज्याला दुबार पेरणी करावी लागते, त्या घरात त्या वर्षी काय काय राहून जाते, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना सांगावे लागणार नाही.

प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण निदान ७० टक्के असावी, असे आपल्याकडील प्रमाणीकरणाचे मानक आहे. बीजपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत ४०० दाणे, शंभराचे चार भाग करून, उगवायला ठेवतात. शेतकऱ्याला घरी सांगितले जाते की ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनी १०० दाणे मांडावेत आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजावे. आता समजा, एका घरी १०० पैकी ६६ उगवले. बियाणे खोटे ठरले काय? गावात तर तेवढ्यावर विक्रेत्याचे नाव घेऊन आरडाओरडा सुरू होईल.

येथे गणिताने मध्ये पडावे. गोणीतली खरी उगवण बरोबर ७० टक्के आहे असे धरा आणि त्याच गोणीतून पुन्हा पुन्हा १०० दाणे काढा. दर वेळी ७० येणार नाहीत. कधी ६७, कधी ७४, क्वचित ६१. प्रत्येक आकडा किती वेळा आला त्याची आकृती काढली, तर मध्ये उंच आणि दोन्ही अंगांनी उतरत जाणारा आकार तयार होतो. देवासची देवीची टेकडी दुरून दिसते, पुष्कळशी तशी. हाच प्रसामान्य वक्र. या टेकडीची रुंदी मोजण्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन, आणि ते काढण्याचा हिशेब आठवीच्या मुलालाही जमेल : उगवण्याचे प्रमाण ०·७, न उगवण्याचे ०·३, दोहोंचा गुणाकार ०·२१, त्याला दाण्यांच्या संख्येने भागून वर्गमूळ काढावे. १०० दाण्यांसाठी ते सुमारे ४·६ टक्के येते. शंभरांतील सुमारे पंचाण्णव वेळा उत्तर मध्यापासून दोन विचलनांच्या आत, म्हणजे सुमारे ६१ ते ७९ यांच्या दरम्यान पडते. तेव्हा ६६ हा आकडा काही विशेष नव्हे. चांगल्या बियाण्यातही पाचांतून एकदा ६६ किंवा त्याहून कमी दाणे उगवतील. ५८ उगवले असते तर गोष्ट वेगळी होती. तसे शंभरांतून एकदाही घडायचे नाही, आणि तक्रारीला पुरेसा आधार मिळाला असता.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि आम्हांस तीच अधिक महत्त्वाची वाटते. गोणीतली खरी उगवण ६२ टक्केच असेल, तरीही १०० दाण्यांच्या चाचणीत सोळांतून एकदा ७० किंवा अधिक दाणे उगवून ते बियाणे पास होईल. शेतकरी निर्धास्तपणे पेरील आणि पुढे ढगांना दोष देईल. लहान नमुना निरपराध्याला दोषी ठरवतो आणि दोषी सोडूनही देतो.

४०० दाणे घेतले की विचलन निम्मे होते, सुमारे २·३ टक्के. चौपट श्रम केले तेव्हा कोठे अचूकपणा दुप्पट झाला! निसर्गाचा हा भाव जरा महाग आहे खरा, पण त्यात घासाघीस चालत नाही. आता ४०० दाण्यांतही ६६ टक्केच उगवले, तर मात्र संशय घेण्यास जागा आहे. चांगल्या बियाण्यात असे शंभरांतून चार-पाच वेळाच व्हावे. आकडा तोच, ६६ टक्के. पण त्याचा अर्थ बदलला. गंमत अशी की गोणी दहा किलोची आहे की ढीग दहा क्विंटलचा, याने विशेष फरक पडत नाही. पातेले घरचे असो की लग्नातले तपेले, नीट ढवळलेले असले म्हणजे झाले.

हा वक्र सापडला तोच मुळी अशा ‘होय की नाही’ मोजणीतून. द म्वाव्हर याने १७३३ साली नाणेफेकीच्या हिशेबात तो प्रथम मांडला. पुढे गाउसच्या नावाशी तो इतका जोडला गेला की जर्मनीने १९९१ पासून चलनात आणलेल्या दहा मार्कांच्या नोटेवर गाउसच्या चित्राशेजारी हा वक्रही छापला होता. युरो आल्यावर ती नोट गेली.

कारखान्यात या गणिताचा उपयोग शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२४ साली दाखवला. महालनोबिसांच्या निमंत्रणावरून तो १९४७-४८ च्या सुमारास भारतातही येऊन गेला. त्याची पद्धत पीथमपूरच्या एखाद्या कल्पित कारखान्यात लावून पाहू. रोज २०० नग तपासले जातात आणि सरासरीने ४ टक्के, म्हणजे ८, सदोष निघतात. एके दिवशी १२ निघाले. मुकादम कामगाराला फैलावर घेतो, त्याची पाळी बदलतो, यंत्राचे पेच फिरवतो. वास्तविक काहीही न बिघडता १२ किंवा अधिक सदोष नग दहांतल्या एका दिवशी निघायचेच. तीन विचलनांची मर्यादा काढली तर ती १६ च्या किंचित पुढे येते. १७ सदोष नग निघाले, तर मात्र यंत्र थांबवून कारण शोधावे. दुसऱ्या दिवशी सदोष नग ७ आले की मुकादम म्हणतो, ‘पाहा, ओरडल्याचा परिणाम!’ परिणाम ओरडण्याचा नसतो, टेकडीचा असतो. परीक्षेच्या गुणांविषयी घरोघरी जे बोलले जाते त्यातही हा प्रकार बराच आहे, हे आम्ही जाता जाता नमूद करतो.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? सगळेच नग तपासा की! पण औषधाची गोळी विरघळते की नाही हे पाहायला ती विरघळवावीच लागते. पेटीतल्या सगळ्या काड्या ओढून पाहिल्या तर चूल कशाने पेटवावी? दाण्यांचेही तसेच : जो उगवून पाहिला तो पेरता येत नाही. उलट नोटांसारख्या वस्तूंत शेकडा एक दोषही खपण्यासारखा नाही. तेथे नमुन्यावर विसंबणे योग्य नव्हे.

या वक्राच्याही मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोष फार विरळ असेल आणि नमुना लहान असेल, तर टेकडी नीट उभीच राहत नाही. शेकडा एक सदोष असलेल्या मालातून ५० नग उचलले, तर पाचांतून तीन वेळा एकही सदोष नग हाती लागणार नाही. अशा वेळी ‘तपासले, काही दोष नाही’ या वाक्याला फारसा अर्थ राहत नाही.

याहून मोठी मर्यादा नमुना काढण्याच्या पद्धतीची. देवासची एके काळी थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये होती आणि एकाच गावात दोघांची हद्द होती. रस्त्याच्या एकाच अंगाची घरे मोजून साऱ्या देवासचा हिशेब सांगणारा, त्याने हजार घरे मोजली तरी, चुकेलच. गोणीच्या तोंडाशी असलेले दाणे मूठभर उचलणारा तेच करतो. सोयाबीनचे साल पातळ असते. पोती आपटली, थप्पीत खाली दबली, की आतला अंकुर दुखावतो. म्हणून वरच्या, मधल्या आणि तळच्या पोत्यांतून, टोकदार पोकळ नळी आत खुपसून, दाणे काढावे लागतात. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या पाहणीत असाच दोष दाखवून दिला होता. फार लहान वाफा कापला की कडेची झाडे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते. असे हजार वाफे कापले तरी फुगवटा जात नाही, कारण टेकडी चुकीच्याच जागी उभी असते.

आमच्या शाळांत संख्याशास्त्र म्हणजे सरासरी, मध्यक आणि बहुलक यांची सूत्रे पाठ करणे. त्याऐवजी जून महिन्यात वर्गातील चाळीस मुलांना एकाच गोणीतले शंभर-शंभर दाणे द्यावेत, आणि आठवड्याने आलेले चाळीस आकडे फळ्यावर मांडावेत. टेकडी मुलांच्या डोळ्यांसमोर उभी राहील. ज्याचे ६३ आले आणि ज्याचे ७६ आले, ते दोघेही आपापला आकडा खरा म्हणून भांडतील; त्या भांडणातून जे कळेल ते सूत्रातून कळत नाही. खर्चाचे म्हणाल, तर सोयाबीनच्या चारशे दाण्यांचे वजन जेमतेम पन्नास ग्रॅम भरते, आणि गोणी असते तीस किलोची.