रंगाच्या आधी भिंतीची सफाई

रमजान महिन्यावर आला की आमच्या मांजरीत रंगाऱ्यांना उसंत नसते. ईदला येणाऱ्या पाहुण्यांना घर उजळलेले दिसावे, ही हौस रास्तच आहे. पण बोलणी होतात ती रंगाच्या छटेची आणि मजुरीची. खालच्या भिंतीचे काय, हे क्वचितच विचारले जाते. मळावर आणि ओलीवर रंगाचा हात दिला, तर पावसाळ्यात पोपडे सुटतात आणि खर्च वाया जातो.

२०२१ साली पुणे महापालिकेत आलेल्या मांजरी बुद्रुकमध्ये गावठाणातली जुनी घरेही आहेत आणि नव्या सोसायट्याही. दोन्हीकडे आधी भिंतीवर तळहात फिरवून पाहा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर तो जुना चुना किंवा डिस्टेंपर पत्रीने खरवडून काढावा लागेल. लोणा फुटला असेल, तर तो कोरड्या ब्रशने झाडून घ्या. पाणी मारले तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात. ओल कुठून येते ते शोधून आधी ती बंद करा.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर फोडणीचा तेलकट थर असतो. कोमट पाण्यात थोडी भांड्यांची साबण पावडर घालून स्पंजने खालून वर पुसत जा. वरून सुरुवात केली, तर कोरड्या भिंतीवर ओघळांचे डाग उमटतात. मग साध्या पाण्याने पुसून एक-दोन दिवस वाळू द्या. काळ्या बुरशीवर पातळ केलेले ब्लीच चालते, पण खिडक्या उघड्या ठेवा आणि त्यात संडास धुण्याचे ॲसिड मुळीच मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. जुन्या दारांवर, खिडक्यांवर आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर ऑइलपेंट असतो. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. त्याआधीच्या रंगात ते कितीतरी अधिक असू शकते, आणि नुसते पाहून ते कळत नाही. असा रंग कोरडा घासला की बारीक धूळ घरभर बसते. रांगते मूल जमिनीला हात लावते आणि तोच हात तोंडात घालते. शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूची वाढ, शिकण्याची ताकद आणि एकाग्रता यांवर परिणाम होतो, आणि झालेले नुकसान सहसा भरून येत नाही. आम्हा शिक्षकांना म्हणूनच हे तळमळीने सांगावेसे वाटते.

तेव्हा रंगाऱ्याला आधीच सांगा: जुना ऑइलपेंट पाणी लावून, पाण्याच्या पॉलिश पेपरनेच घासायचा. त्यालाही मास्क द्या, त्याच्याही घरी लेकरे आहेत. त्या दिवसांत मुलांना आणि गरोदर सुनेला नातेवाइकांकडे पाठवा. भांडी, गाद्या, जानमाज, पुस्तके झाकून ठेवा. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्या.

यात दोन-तीन दिवस जास्त जातील. म्हणून रंगाऱ्याला आठवडाभर आधी बोलवा. भिंतीवरचा रंग पुढच्या वर्षीही बदलता येईल.