नफ्याची वार्ता आणि तोट्याची गणती

ऑप्शनच्या व्यवहारात एका दिवसात पैसे दुप्पट झाल्याची वार्ता संध्याकाळपर्यंत साऱ्या पेठेत पोहोचते. त्याच दिवशी ज्यांचे मुद्दल गेले, ते मात्र घरीही बोलत नाहीत. त्यामुळे ऐकीव गोष्टींवरून या व्यवहाराची पारख करणारा माणूस केवळ जमेची बाजू वाचत असतो. नावेची बाजू उघडण्याचे काम भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबी हिने अलीकडच्या काळात केले.

कायदा करण्यापूर्वी प्रत्यक्षात काय घडते ते मोजून पाहावे, असा आग्रह धरणारी संशोधनाची एक शाखा कंपनी, दिवाळखोरी आणि रोखे यांच्या कायद्यांत रुजली आहे. सेबीचे अभ्यास हे तिचे आपल्याकडील ठळक उदाहरण होय. जानेवारी २०२३ मधील पहिल्या अभ्यासात असे दिसले की, २०२१-२२ या वर्षी शेअर्सच्या फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दहा वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे नऊजण तोट्यात गेले. या एका निष्कर्षाचे पुढे नियमात रूपांतर झाले. जुलै २०२३ पासून ग्राहकाने ब्रोकरच्या संकेतस्थळावर खाते उघडताच तोच इशारा त्याच्यासमोर येऊ लागला.

सप्टेंबर २०२४ मधील दुसरा अभ्यास अधिक व्यापक होता. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींनी हे व्यवहार केले. त्यांपैकी ९३ टक्के व्यक्ती तोट्यात गेल्या. खर्च धरून त्यांचा सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये, तर सर्वांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा हाती राहिलेल्या व्यक्ती अवघ्या एक टक्का होत्या. दलाली आणि इतर आकार मिळून या तीन वर्षांत सुमारे ५० हजार कोटी रुपये गेले.

हा पैसा नाहीसा झाला नाही. वायद्यात एकाचा तोटा हाच दुसऱ्याचा नफा असतो. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटींचा आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटींचा ढोबळ नफा मिळवला. त्यातील बहुतेक नफा संगणकीय प्रणालीने केलेल्या व्यवहारांतून आला. मोबाइलवर बोट ठेवणाऱ्या तरुणासमोर दुसऱ्या बाजूला कोण बसले आहे, ते येथे कळते.

या गणतीनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने नियम आवळले. कराराचा किमान आकार १५ लाखांवर नेण्यात आला आणि दर आठवड्याला संपणारे करार प्रत्येक शेअर बाजारात एकाच निर्देशांकापुरते मर्यादित झाले. तरीही २०२४-२५ मध्ये ९१ टक्के व्यक्तींना तोटा झाला आणि त्यांचा निव्वळ तोटा आदल्या वर्षीच्या ७४,८१२ कोटींवरून १,०५,६०३ कोटींवर गेला. नवे नियम वर्षाच्या मध्यावर आले असल्याने त्यांची पूर्ण परीक्षा या आकड्यांत झालेली नाही, हेही येथे ध्यानी घ्यावे.

व्यापारी घराला वायदा अपरिचित नाही. निर्यातदार डॉलरच्या भावाची जोखीम वायद्याने झाकतो, तेव्हा त्याच्यामागे खरा माल आणि खरी येणी असतात. ज्याच्यामागे ना माल, ना येणे, तो व्यवहार निराळा. आयकर कायदा मान्यताप्राप्त शेअर बाजारातील अशा व्यवहारांना व्यवसाय मानतो आणि त्यांचा तोटा त्याच व्यक्तीच्या इतर धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. ही सोय उपयुक्त असली, तरी तिच्या आडोशाला दुकानाची कमाई वर्षानुवर्षे झिरपत राहते आणि ताळेबंदात ते पटकन दिसत नाही.

म्हणून अशा व्यवहारांचे खाते पेढीच्या खतावणीत वेगळे असावे. त्यात प्रत्येक सौदा, दलाली, कर आणि पेढीतून उचललेल्या रकमेचे व्याज नोंदले जावे, आणि दिवाळीची वाट न पाहता दर महिन्याला ताळा घ्यावा. ही घाई सकारण आहे. सलग दोन वर्षे तोटा सोसलेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक लोक पुढेही व्यवहार करतच राहिले, असे सेबीला आढळले. २०२३-२४ मध्ये या बाजारातील ४३ टक्के व्यक्ती तिशीच्या आतील होत्या. घरातील मुलगा त्यांत असेल, तर त्याचा पहिला तोटा त्याला वडिलांसमोर मांडता आला पाहिजे. ऐकून घेणारे कोणी नसेल, तर तो तोटा भरून काढण्यासाठी दुसरा सौदा करतो, आणि या वेळी पैसे उसने घेतलेले असतात.