गाडी विकत घ्यायची की लीजवर? ईएमआयच्या पलीकडचं गणित

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून २९ टक्के असलेला कर त्या दिवसापासून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे १० लाखांची गाडी साधारण ९ लाख १५ हजारांवर. नव्याने घेणाऱ्यांना आनंद झाला, पण ऑगस्टमध्येच गाडी दारात आणलेल्यांचं काय? नवी गाडीच स्वस्त झाली, तर जुनीला आधीचा भाव कोण देणार?

गाडी लीजवर असती, तर ही डोकेदुखी लीज कंपनीची असती. लीज म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी दरमहा भाडं. बहुतेक करारांत विमा आणि सर्व्हिसिंग त्यातच येतं आणि मुदत संपली की गाडी परत.

मग स्वस्त काय? एक काल्पनिक हिशोब करू. गाडीची शोरूम किंमत १० लाख. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर ११ टक्के रोड टॅक्स आणि पहिला विमा धरून ती रस्त्यावर येईपर्यंत ११.६ लाख. त्यातले ३.६ लाख खिशातून, ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी. हप्ता येतो साधारण १६,६००. पुढचा विमा आणि सर्व्हिसिंग वर्षाला ४० हजार धरू. लीजचं भाडं सगळं धरून महिना २५ हजार.

पाच वर्षांनी गाडी साडेचार लाखांना विकली, तर मालकीचा निव्वळ खर्च ११ लाखांच्या आसपास. लीजचे होतात १५ लाख. चार लाखांचा फरक.

पण हीच गाडी दोन वर्षांत साडेसात लाखांना विकून उरलेलं कर्ज फेडलं, तर खर्च ६.१ लाख. लीज ६ लाख. शिवाय ते ३.६ लाख एफडीत राहिले असते, ते वेगळंच. म्हणून दोन वर्षांनी पुण्याहून बंगळुरूला बदली होऊ शकते, अशांनी लीजचा विचार जरूर करावा. दुसऱ्या राज्यात गाडी वर्षाहून जास्त ठेवली की नव्याने नोंदणी, तिथला टॅक्स आणि इथल्या टॅक्सच्या परताव्यासाठी आरटीओच्या चकरा, हे सगळं टळतं.

लीजच्या करारात मात्र तीन कलमं आधी वाचा: किलोमीटरची मर्यादा, मुदतीआधी गाडी परत केल्यास दंड आणि परत करताना ओरखडे-पोचे कोण, कसे मोजणार. दर दोन आठवड्यांनी कोल्हापूर-पुणे करणाऱ्याची मर्यादा कधी ओलांडली जाते, ते त्यालाही कळत नाही.

काही योजनांत काळी नंबरप्लेट आणि पिवळी अक्षरं येतात, कारण गाडी भाड्याने देण्यासाठीची व्यावसायिक गाडी म्हणून नोंदलेली असते. दसऱ्याला झेंडूचा हार तिलाही घालता येतो, पण सोसायटीत 'भाड्याची आहे का?' हे ऐकायची तयारी हवी.